शिंपले, चिंचोके आणि ताराबाई

विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधले छोटे स्टेशन. सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास त्याच्या पुलावर उभे राहिले तर ऑफिसला निघालेल्या गर्दीत हातात गुंडाळलेले तक्ते घेतलेल्या काही मुली दिसतात. या होऊ घातलेल्या शिक्षिका. पूर्वी ज्याला डी.एड. म्हणत आणि आता डी.एल.एड. म्हणतात, त्या अभ्यासक्रमाच्या. त्यांच्या पिशवीत पाठाचे टाचण असते, खडूची पेटी असते आणि अलीकडे त्यात लॅपटॉपही असतो.

आमच्या इमारतीत अशीच एक मुलगी राहते. परवा ती सराव पाठ देऊन घरी आली ती रडवेली होऊन. वर्ग पहिलीचा, पाठ लहान-मोठे, कमी-जास्त यांवरचा. तीन रात्री जागून तिने संगणकावर हलती चित्रे तयार केली होती. हत्ती मोठा होत जाई, उंदीर लहान होत जाई. पाठ सुरू होऊन पाच मिनिटे झाली आणि वीज गेली. समोर तीस मुले, मागे निरीक्षक आणि भिंतीवर काहीच नाही. मुले थोडा वेळ त्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसली आणि मग एकमेकांकडे वळली. उरलेला अर्धा तास कसा काढला, हे तिचे तिलाच ठाऊक. तिची तक्रार विजेबद्दल नव्हती, स्वतःबद्दल होती. दोन वर्षांत आपण संगणक शिकलो, अध्ययन निष्पत्ती पाठ केल्या, साधनांच्या याद्या लिहिल्या. मग हातातले एक साधन निघून जाताच आपण वर्गात परक्या का झालो, असा तिचा प्रश्न होता.

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. पण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात एका बाईने हा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडला नव्हता, एवढे आठवले. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. त्यांची कर्मभूमी असलेली बोर्डी आणि कोसबाड ही गावे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती, आता ती पालघर जिल्ह्यात आहेत. ताराबाईंना जाऊन अर्धशतक उलटले. पद्मभूषण, बालशिक्षणाच्या प्रवर्तक, एवढ्या दोन ओळी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात उरल्या आहेत. पण आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीचे नावसुद्धा त्यांच्या प्रयोगातून आले, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावे की नाही, हा वाद ज्या काळात घरोघर चालू होता त्या काळात या घरात तो नव्हता. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ साली तो कायदेशीररीत्या संपला. आज शंभर वर्षांनंतरही घटस्फोटित बाईकडे समाज कसा बघतो ते आपण जाणतो. तेव्हा काय असेल, याची कल्पना करावी. पदरात लहान मुलगी होती. उपजीविका करायला हवी होती आणि ती मानाने करायला हवी होती.

ती संधी राजकोटला मिळाली. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या, त्या प्राचार्या झाल्या. हुद्दा मोठा होता, पगार चांगला होता. एखाद्याने तिथेच आयुष्य काढले असते आणि समाधानाने निवृत्ती घेतली असती. पण त्याच सुमारास काठेवाडात, भावनगरला, एक वेगळीच गोष्ट चालली होती. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील आपली वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे, या विचारातून ते मारिया मॉण्टेसोरी यांच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. ताराबाईंना त्यांच्या कामाची माहिती कळली आणि १९२३ साली प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या.

हा निर्णय मला त्यांच्या चरित्रातला पहिला मोठा वळसा वाटतो. शिक्षिकांना शिकवणारी बाई स्वतः शिकायला निघाली. ज्या मुलांना अजून अक्षर ओळखता येत नाही, ज्यांच्या नाकाला शेंबूड आहे, त्यांच्यात जमिनीवर जाऊन बसली. अध्यापनशास्त्राची पुस्तके त्यांनी वाचलेली होती, वाचायचे राहिले होते ते मूल.

मॉण्टेसोरींची पद्धत काय होती, ते इथे थोडे सांगायला हवे, कारण पुढची सारी गोष्ट साधनांची आहे. मॉण्टेसोरी या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ च्या जानेवारीत रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांनी बनवलेली साधने वरवर खेळण्यांसारखी दिसतात. लाकडी ठोकळ्यात दहा खोबणी आणि त्यांत बसणाऱ्या दहा दट्ट्या. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा. खरकागदाची अक्षरे, ज्यांवरून मूल बोट फिरवते आणि लिहायला लागण्याआधीच हाताला अक्षराचे वळण लागते. यातली खुबी अशी की दट्ट्या चुकीच्या खोबणीत गेली तर शेवटी एक दट्ट्या उरते आणि ती बसत नाही. चूक दाखवायला बाई लागत नाहीत, साधनच ती दाखवते. मूल पुन्हा सगळे काढते आणि पुन्हा बसवते. दुसरी खुबी अशी की एका साधनात एकच गुण बदलतो. मनोऱ्याचे घन सगळे एकाच रंगाचे असतात, बदलतो तो फक्त आकार. त्यामुळे लहान-मोठे म्हणजे काय, ते मुलाच्या हाताला कळते.

बालमंदिरात मारणे नव्हते, बक्षीसही नव्हते. मुलांनी गप्प बसणे म्हणजे शिस्त, ही समजूत तिथे मोडीत निघाली. प्रत्येक मूल आपापल्या कामात गुंतलेले असणे, ही त्या वर्गाची शिस्त. ताराबाईंनी भावनगरला नऊ वर्षांच्या आसपास काढली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका हे नियतकालिक निघू लागले आणि पुढे ते मराठीतही आले. आईबापांना आणि शिक्षकांना सोप्या भाषेत मूल समजावून सांगणे हे त्याचे काम होते. ताराबाई त्यात अखंड लिहीत राहिल्या.

पुढे त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला. विठ्ठलवाडीहून लोकलने निघालो तर दादरला उतरून पायी गाठता येईल अशी ही जागा. मुलांच्या शाळेबरोबर तिथे शिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही उभे राहिले. मध्यमवर्गीय घरांतल्या मुली, काही विधवा, काही परित्यक्ता तिथे शिकून आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. बालवर्ग ही दोन तास मुलांना सांभाळण्याची सोय नसून ते प्रशिक्षण घेऊन करायचे काम आहे, ही गोष्ट मराठी समाजात रुजवण्याचे श्रेय या घराला मोठ्या प्रमाणात जाते. होणाऱ्या शिक्षिकेने आधी बोलायचे नाही, बघायचे, हा या पद्धतीतला पहिला धडा. कोणते मूल कोणत्या साधनाकडे वळते, किती वेळ रमते, कुठे सोडून देते, हे पाहून टिपून ठेवायचे. आजच्या भाषेत याला निरीक्षण नोंद म्हणतात आणि त्याचा छापील तक्ता मिळतो. तेव्हा तक्ता नव्हता, पण डोळे तयार होत होते.

इथवर सारे चांगले चालले होते आणि एखाद्या चरित्रकाराला इथे थांबताही आले असते. पण एक गोष्ट टोचत होती. मॉण्टेसोरींची साधने महाग होती. ती मापात, घोटीव लाकडाची, नेमकी लागत. मॉण्टेसोरीबाईंचा कटाक्षही साधनांच्या काटेकोरपणावर असे. १९३९ साली त्या स्वतः हिंदुस्थानात आल्या, मद्रासजवळच्या अड्यार इथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले, आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. त्यांच्या पद्धतीचा शहरांतून बोलबाला झाला, पण शहरांतून आणि सुखवस्तू घरांतूनच. गंमत अशी की रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे श्रीमंतांची होऊन बसली. १९३१ साली लंडनला गांधीजी आणि मॉण्टेसोरी यांची भेट झाली होती. हे शिक्षण खेड्यातल्या गरीब मुलापर्यंत कसे जाणार, ही गांधीजींची चिंता तेव्हाही होती. ताराबाईंच्या मनात तोच प्रश्न घर करून होता. चांगला वर्ग ही ज्याला परवडेल त्याने विकत घ्यायची वस्तू आहे काय?

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी दादर सोडले आणि समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पश्चिम रेल्वेचे घोलवड हे तिथले स्टेशन. आचार्य भिसे यांच्यामुळे बोर्डीत शिक्षणाचे वातावरण होते, पण ते गावातल्या सवर्णांच्या मुलांपर्यंत अधिक. आजूबाजूच्या पाड्यांवर वारली समाज राहत होता आणि तो वेठबिगारीत पिचला होता. त्याच १९४५ साली डहाणू, उंबरगाव भागात किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांचा वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला, हे ध्यानात घेतले म्हणजे ताराबाई कोणत्या मातीत उतरत होत्या ते कळते.

त्यांच्या सोबतीला आल्या त्या अनुताई वाघ. वय पस्तीस. लहानपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शाळेत शिकवत असलेल्या. जम बसलेली नोकरी सोडून त्या आल्या आणि मग सत्तेचाळीस वर्षे, १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांनी ते काम सोडले नाही. ताराबाईंची कल्पना आणि अनुताईंचे हात, असे या जोडीचे वर्णन करायचा मोह होतो, पण ते अन्यायाचे होईल. कल्पना दोघींच्याही होत्या आणि राबणेही दोघींचेच होते.

बोर्डीत दादरचा वर्ग जसाच्या तसा मांडता येणार नव्हता. पहिली अडचण साधनांची. पण समुद्र जवळ होता, तिथे हवे तेवढे शिंपले होते. झाडांच्या बिया होत्या, पाने होती, दगडगोटे होते, माती होती, बांबू होता. लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेली शिंपल्यांची रांग गुलाबी मनोऱ्याचेच काम करते, मात्र ती लावणाऱ्या बाईला त्या मनोऱ्याचे मर्म कळलेले असले पाहिजे. चिंचोके मोजता येतात, पण ते उगाच ढिगाने ओतले तर तो पसारा होतो. दहा खळ्यांत मोजून टाकायला दिले आणि शेवटी एक खळी रिकामी राहिली की मुलाची चूक मुलालाच दिसते. सुतार लागत नाही, परदेशी पेटी लागत नाही. शिक्षिकेची समज मात्र दुप्पट लागते. तयार पेटीत विचार दुसऱ्याने करून ठेवलेला असतो, बियांच्या टोपलीत तो आपल्याला करावा लागतो.

दुसरी अडचण अधिक मोठी होती. मुले येतच नसत. आईबाप पहाटे मजुरीला गेलेले, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरात, मुलगा गुरांमागे रानात. अशा वेळी गैरहजेरीचा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी आणि अनुताईंनी शेरा आपल्या शाळेवर मारला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जायचे. पाड्यावरच्या एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घेतले, टोपलीतले साधन मांडले आणि तिथेच बालवाडी भरली. हीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरत असतील त्या कुरणातच शिक्षक जाऊ लागला. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळेलाच पाळणाघर जोडले गेले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण प्राथमिक वर्गात, सारे एकाच आवारात. या रचनेला विकासवाडी हे नाव पडले. कागदावर साधी वाटणारी ही युक्ती किती मुलींच्या हातात पाटी देऊन गेली असेल!

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. ताराबाईंनी साधने बदलली, जागा बदलली, वेळ बदलली, पण वर्गाचा दर्जा उतरू दिला नाही. आदिवासी मुलांना कसेही चालते, ही भाषा तिथे नव्हती. मूल स्वच्छ असावे, ते भयमुक्त असावे, त्याच्या हाताला काम असावे आणि त्याच्याकडे बघणारी बाई शिकलेली असावी, या गोष्टी हिंदू कॉलनीत जितक्या आवश्यक तितक्याच पाड्यावर. म्हणून बोर्डीतही शिक्षिकांना तयार करण्याचे काम बालवाडीच्या बरोबरीने चालले. दर्जा म्हणजे इमारत, बाक आणि पेटी अशी आपली समजूत असते. त्या समजुतीला या दोघींनी अंगणात बसून उत्तर दिले.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यांच्या अधिक जवळ. मधल्या काळात, १९४६ पासून काही वर्षे, ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३३ प्रकल्पांनी झाली आणि केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. पाड्यावरच्या अंगणातला शब्द देशभर गेला. ताराबाईंनी ते पाहिले नाही.

नाव गेले, पण त्यासोबत सगळे गेले काय? अंगणवाडीत मुलाचे वजन होते, लसीची आठवण होते, खाऊ मिळतो. ही कामे मोलाची आहेत. पण ताराबाईंच्या अंगणात मध्यभागी जी बाई होती ती शिक्षिका होती. आपण तिला सेविका म्हटले आणि वेतनाऐवजी मानधन दिले. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. २०२१ साली महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण ते जुने, अपुऱ्या क्षमतेचे होते आणि ज्यात माहिती भरायची ते ॲप इंग्रजीत होते. त्यांना यंत्र नको होते असे नाही, चालणारे आणि आपल्या भाषेतले यंत्र हवे होते. साधन देताना ते वापरणाऱ्या हाताचा विचार करायचा असतो, हा बोर्डीचा धडा आपण विसरलो.

आता पुन्हा वारे फिरले आहेत. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयाचाच विचार केला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षे वयाला शिक्षणाच्या पहिल्या पायरीत आणले. निपुण भारत आले, दीक्षा ॲप त्याआधीच, २०१७ साली, आले होते. २०२३ साली जादुई पिटारा नावाची खेळसाधनांची पेटीही आली. या सगळ्याचे स्वागतच करायला हवे. ताराबाई आज असत्या तर त्यांनी संगणकाकडे पाठ फिरवली असती असे मला वाटत नाही. लांबच्या समुद्राचा आवाज, न पाहिलेला प्राणी, दुसऱ्या गावच्या मुलांनी म्हटलेले गाणे वर्गात आणायला त्याच्याइतके चांगले साधन नाही. पण त्यांनी त्या पडद्यालाही तोच प्रश्न विचारला असता, जो त्या दट्ट्यांना आणि शिंपल्यांना विचारला. यात मुलाच्या हाताला काय काम आहे? चुकले तर त्याचे त्याला कळते काय? वीज गेली तर हाच धडा दुसऱ्या कशाने देता येईल?

आमच्या शेजारच्या मुलीला मी हे सारे एका बैठकीत सांगितले नाही. तिला तेवढा वेळही नव्हता. बोर्डीच्या शिंपल्यांची गोष्ट मात्र सांगितली. तिचा पुढचा सराव पाठ पंधरा दिवसांनी होता. आदल्या रात्री ती दाराशी आली आणि घरात चिंचोके आहेत का म्हणून विचारू लागली. चिंचोके नव्हते. मग तिने खालच्या वाण्याकडून शेंगदाणे, वाटाणे आणि वाल आणले, शेजारणींकडून वेगवेगळ्या आकाराची झाकणे गोळा केली आणि रात्री उशिरापर्यंत तीस वाटे करत बसली. लॅपटॉपही तिने पिशवीत घातला होताच. वीज त्या दिवशी गेली नाही. तरी पडदा तिने शेवटच्या दहा मिनिटांतच उघडला. तोवर मुले झाकणे लहानमोठी लावण्यात गढली होती आणि एकाची रांग चुकली तेव्हा ती पुढे धावली नाही, बघत उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने आपले झाकण उचलून स्वतःच बदलले.

निरीक्षकांनी किती गुण दिले ते मी विचारले नाही. तीही त्याबद्दल बोलली नाही. ती सांगत होती त्या मुलाबद्दल.